‘टर्न आउट’, ‘एण्ड अप’ आणि आपली मराठी

इंग्रजी शिकणाऱ्या मुलास लांबलचक शब्दांचें भय फारसें वाटत नाहीं. असा शब्द अडला तर तो कोश उघडतो, अर्थ पाहतो आणि पुढें जातो. त्याची खरी फजिती करतात ते ‘अप’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘इन’ हे चिमुकले शब्द. एकेकटे असतात तोंवर ते गरीब गाईसारखे असतात. पण क्रियापदाच्या पाठीशीं जाऊन उभे राहिले कीं त्याचें सारें रूप पालटून टाकतात. ‘टर्न’ म्हणजे वळणें आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर, हें खालच्या वर्गांतील मुलासही ठाऊक असतें. म्हणून ‘ही टर्न्ड आउट टु बी ॲन ऑनेस्ट मॅन’ या वाक्याचें ‘तो प्रामाणिक मनुष्य होण्यासाठीं बाहेर वळला’ असें भाषांतर कोणीं केलें, तर शब्दशः त्यांत कांहींच गळलें नाहीं. गळला तो फक्त अर्थ. वाक्य सांगतें तें इतकेंच कीं, ‘तो प्रामाणिक निघाला.’

क्रियापद आणि असा चिमुकला शब्द मिळून जें एक क्रियापद बनतें, त्यास आम्ही या लेखांत ‘जोडक्रियापद’ म्हणूं. अशीं जोडक्रियापदें इंग्रजींत शेंकडों आहेत. सर्वांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. ज्यांच्यामागून ‘कोण झाला’, ‘कोण म्हणून राहिला’ किंवा ‘अखेर काय ठरलें’ हें सांगणारे शब्द येतात, तेवढींच आम्ही निवडलीं आहेत. निवडण्याचें कारण असें कीं, माणसाचें आयुष्य कसें गेलें हें सांगतांना इंग्रजी भाषा पुन्हां पुन्हां यांचाच आश्रय करते. तेथें एक लहानसा शब्द चुकला तर केवळ गुण जात नाहींत. ज्याचा गौरव करावयाचा त्याचीच कींव केल्यासारखें होतें.

१. घरची ओळख

ही रचना आपणांस अगदीं परकी आहे असें मात्र नाहीं. ‘तो निघाला’ म्हटलें म्हणजे तो कोठें तरी जाण्यास चालूं लागला असें आपण समजतों. ‘तो चोर निघाला’ म्हटलें म्हणजे कोणी कोठें गेलेलें नसतें; जें झांकलेलें होतें तें उघडकीस आलेलें असतें. ‘चोर’ हा एक शब्द मध्यें आला आणि क्रियापदाचा अर्थच बदलला. व्याकरणकार अशा शब्दास पूरक म्हणतात; कारण तो नसेल तर विधान पुरें होत नाहीं. ‘कलिंगड गोड निघालें’, ‘साक्ष खोटी ठरली’, ‘मुलगा गुणी निपजला’ या वाक्यांतील ‘गोड’, ‘खोटी’, ‘गुणी’ हीं सारीं पूरकेंच होत. ‘साक्ष ठरली’ एवढेंच म्हणून थांबलों तर ऐकणारा विचारील, ‘काय ठरली?’

आतां ‘पाहुणा म्हणून आला आणि मालक होऊन बसला’ हें वाक्य पाहा. यांत ‘बसला’ म्हणजे खुर्चीवर बसला असें कोणी समजत नाहीं. अपेक्षा नव्हती, कोणाची इच्छाही नव्हती, तरी शेवटीं तसें झालें, हा सगळा भाव त्या एका ‘बसला’ या शब्दांत आहे. इंग्रज हाच भाव ‘एण्ड अप’ या जोडक्रियापदानें सांगतो, आणि ‘पाहुणा म्हणून’ यांतील ‘म्हणून’ या शब्दासाठीं तो ‘ॲज’ हा शब्द वापरतो. ‘खाऊन टाक’, ‘रुसून बसली’, ‘निसटून गेला’ असें म्हणतांना मराठी जें काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते, तें इंग्रजी पुष्कळदां ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांच्याकडून करून घेते. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील वाट सोपी आहे.

२. जोडणारे चार सांधे

जोडक्रियापद आणि त्याचें पूरक यांस जोडण्याच्या मुख्य तऱ्हा चार आहेत.

पहिली तऱ्हा ‘ॲज’ या शब्दाची. हा शब्द भूमिका, हुद्दा किंवा काम सांगतो. मराठींत तेथें बहुधा ‘म्हणून’ येतें. ‘स्टार्ट आउट ॲज’ म्हणजे अमुक म्हणून आरंभ करणें. ‘सेट अप ॲज’ म्हणजे अमुक म्हणून स्वतःचा धंदा थाटणें. ‘स्टे ऑन ॲज’ म्हणजे त्याच जागेवर पुढेंही राहणें. ‘स्टेप इन ॲज’ म्हणजे दुसऱ्याच्या जागीं अडचणीच्या वेळीं उभें राहणें. ‘स्टेप डाउन ॲज’ म्हणजे ती जागा आपण होऊन सोडणें. ‘एण्ड अप ॲज’ म्हणजे शेवटीं अमुक होऊन बसणें.

दुसरी तऱ्हा ‘टु बी’ या शब्दांची. ही परिणाम सांगते. ‘टर्न आउट टु बी’ म्हणजे अमुक निघणें किंवा ठरणें. ‘ग्रो अप टु बी’ म्हणजे मोठेपणीं अमुक होणें. ‘गो ऑन टु बी’ म्हणजे पुढें जाऊन अमुक होणें.

तिसरी तऱ्हा ‘इन्टु’ या शब्दाची. एका वस्तूची दुसरी वस्तु झाली असें हा शब्द दाखवितो. मराठींत हें काम षष्ठी विभक्ति करते. ‘दुधाचें दहीं झालें’, ‘ओढ्याची नदी झाली’ असें आपण म्हणतों. इंग्रजी जी वस्तु झाली तिच्या आधीं ‘इन्टु’ घालते. मराठी जी वस्तु पूर्वीं होती तिला ‘चा, ची, चें’ लावते. सांधा एकच, पण दोन भाषांनीं तो दोन बाजूंनीं धरला आहे. ‘टर्न इन्टु’ आणि ‘ग्रो इन्टु’ हीं याचीं नेहमींचीं उदाहरणें होत.

चौथी तऱ्हा जोडशब्दावांचूनची. ‘द प्लॅन टर्न्ड आउट वेल’, ‘शी केम आउट फर्स्ट’, ‘ही एण्डेड अप इन जेल’ या वाक्यांत पूरक क्रियापदाला लागूनच बसतें.

कोणतें क्रियापद कोणता सांधा घेतें हें पाठच करावें लागतें. ‘एण्ड अप टु बी’ अशी रचना शिष्ट इंग्रजींत करीत नाहींत; ‘एण्ड अप ॲज’ किंवा ‘एण्ड अप बीइंग’ असें लिहितात. उलट ‘तो शिक्षक निघाला’ याचें भाषांतर ‘टर्न्ड आउट ॲज अ टीचर’ असें होत नाहीं. तेथें ‘टु बी’ हवें.

कांहीं क्रियापदें मात्र दोन सांधे घेतात आणि सांध्याबरोबर अर्थही बदलतो. अशा तीन जोड्या प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या वहींत लिहून ठेवाव्यात.

‘ही ग्रू अप ॲज ॲन ऑर्फन’ म्हणजे तो पोरकेपणांत वाढला; ‘ही ग्रू अप टु बी अ जज्ज’ म्हणजे तो मोठेपणीं न्यायाधीश झाला. पहिल्यांत वाढतांनाची स्थिति आहे, दुसऱ्यांत वाढल्यानंतरचें फळ आहे.

‘ही वेंट ऑन बीइंग अ टीचर’ म्हणजे तो शिक्षकच राहिला. ‘ही वेंट ऑन टु बी अ टीचर’ म्हणजे तो आधीं दुसरें कांहीं होता आणि पुढें शिक्षक झाला.

‘ही स्टार्टेड आउट ॲज अ डॉक्टर’ म्हणजे आरंभीं तो डॉक्टर होता. ‘ही सेट आउट टु बी अ डॉक्टर’ म्हणजे डॉक्टर व्हावयाचें असा निश्चय करून तो निघाला. तो डॉक्टर झाला कीं नाहीं, हें दुसरें वाक्य सांगत नाहीं.

३. दोन चरित्रें

नियमांची खरी परीक्षा खऱ्या आयुष्यावर होते. मराठी भाषेचे ज्यांच्याशीं ऋणानुबंध आहेत असे दोन पुरुष आम्ही उदाहरणादाखल घेतों.

विल्यम केरी यांचा जन्म इ. स. १७६१ मध्यें इंग्लंडांतील एका खेड्यांत झाला. लहानपणीं ते जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिले आणि पुढें कांहीं वर्षें त्याच धंद्यावर त्यांनीं निर्वाह केला. इ. स. १७९३ मध्यें ते मिशनरी म्हणून बंगालांत आले. तेथें प्रथम पोटासाठीं निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहिली. इ. स. १८०१ मध्यें कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगालीचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढें संस्कृत आणि मराठीही ते शिकवूं लागले व प्राध्यापक झाले. इ. स. १८०५ मध्यें त्यांचें मराठी भाषेचें व्याकरण श्रीरामपूर येथें छापून निघालें.

हें चरित्र इंग्रजींत तीन वाक्यांत सांगतां येतें. ‘केरी स्टार्टेड आउट ॲज अ शूमेकर.’ ‘ही केम आउट टु इंडिया ॲज अ मिशनरी.’ ‘ही वेंट ऑन टु बी अ प्रोफेसर.’ आरंभ ‘ॲज’ या शब्दानें सांगितला आणि चढती पायरी ‘गो ऑन टु बी’ या शब्दांनीं. शेवटचें वाक्य ‘ही एण्डेड अप ॲज अ प्रोफेसर’ असें कोणीं लिहिलें तर व्याकरणाची चूक काढतां येणार नाहीं. परंतु वाचणारा असें समजेल कीं, जावयाचें होतें एकीकडे आणि येऊन पडले भलतीकडे. ‘ही सेट आउट टु बी अ प्रोफेसर’ असें लिहिलें तर तें मात्र खोटेंच होईल. कारण केरी प्राध्यापक होण्याच्या उद्देशानें घरून निघाले नव्हते.

दुसरें चरित्र जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचें. हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेंत अधिकारी म्हणून हिंदुस्थानांत आले. मराठीची त्यांना इतकी गोडी लागली कीं, शब्द गोळा करणें हेंच त्यांचें जीवितकार्य झालें. थॉमस कॅण्डी आणि जॉर्ज कॅण्डी या बंधूंच्या साहाय्यानें त्यांनीं केलेला मराठी-इंग्रजी कोश इ. स. १८३१ मध्यें मुंबईंत प्रसिद्ध झाला. दुसरी वाढविलेली आवृत्ति इ. स. १८५७ मध्यें निघाली. अभ्यासक अद्यापि तो उघडतात.

येथें ‘टर्न आउट’ या जोडक्रियापदाची एक गंमत पाहण्यासारखी आहे. ‘मोल्सवर्थ टर्न्ड आउट अ स्कॉलर’ म्हणजे मोल्सवर्थ विद्वान निघाले. ‘मोल्सवर्थ टर्न्ड आउट अ डिक्शनरी’ म्हणजे मोल्सवर्थ यांनीं कोश सिद्ध केला. कारण ‘टर्न आउट’ याचा ‘तयार करून बाहेर काढणें’ असाही अर्थ आहे. दोन्ही वाक्यांची बांधणी डोळ्यांस सारखीच दिसते; पण पहिल्यांतील शेवटचा शब्द पूरक आहे आणि दुसऱ्यांतील कर्म. कर्ता आणि शेवटचा शब्द हीं एकच व्यक्ति असेल तर तें पूरक. दोन वेगळ्या वस्तु असतील तर तें कर्म. घोटाळा होण्याचा संभव दिसला तर ‘टु बी’ घालावें, म्हणजे संशय उरत नाहीं.

४. आपल्या उपनगरांतून

हीं उदाहरणें दूरचीं वाटलीं तर घराजवळचीं घेऊं. इ. स. १९३४ मध्यें मालाड येथें ‘बॉम्बे टॉकीज’ ही चित्रपटसंस्था निघाली. तिच्या प्रयोगशाळेंत अशोककुमार हे मदतनीस म्हणून काम करीत होते. इ. स. १९३६ च्या ‘जीवन नैया’ या चित्रपटांत ठरलेल्या नायकाच्या जागीं त्यांना उभें करण्यांत आलें. इंग्रजींत म्हणावयाचें तर ‘ही स्टार्टेड आउट ॲज अ लॅबोरेटरी असिस्टंट, स्टेप्ड इन ॲज द हीरो, अँड एण्डेड अप ॲज अ स्टार.’ येथें ‘एण्डेड अप’ शोभतें. कारण नट होण्याचा विचार नसतां ते नट झाले. म्हणजे ‘एण्ड अप’ नेहमींच वाईट अर्थानें येतें असें नव्हे. त्याचा गाभा वाईटपणा नसून अनपेक्षितपणा आहे. पवित्र शास्त्रांतील योसेफ गुलाम म्हणून विकला गेला आणि मिसर देशाचा अधिपति होऊन बसला. त्याच्याविषयीं ‘एण्डेड अप ॲज अ रूलर’ असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं, आश्चर्य आहे.

माणसांप्रमाणेंच गांवांचीं चरित्रेंही याच क्रियापदांनीं लिहितां येतात. इ. स. १८५३ मध्यें बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तेव्हां साष्टीच्या या भागांत खेडीं, भातशेतें आणि मिठागरें होतीं. इ. स. १९२० मध्यें मुंबई उपनगर जिल्हा निराळा करण्यांत आला. इ. स. १९५० मध्यें अंधेरी आणि घाटकोपर, व इ. स. १९५७ मध्यें बोरिवली आणि मुलुंड हीं मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं. आतां एका गांवाविषयीं दोन माणसें काय लिहितील तें पाहा. ज्यानें तेथें नवें घर घेतलें तो लिहील, ‘द व्हिलेज ग्रू इन्टु अ टाउन.’ ज्याच्या भातशेतावर इमारत उभी राहिली तो लिहील, ‘द व्हिलेज एण्डेड अप ॲज अ पार्ट ऑफ द सिटी.’ हकीकत एक, वर्षें तींच. पण पहिल्या वाक्यांत वाढीचा आनंद आहे आणि दुसऱ्यांत एक उसासा. कोणता शब्द खरा हें व्याकरण सांगत नाहीं. तें एवढेंच सांगतें कीं, शब्द निवडला म्हणजे तुम्ही बाजू निवडली.

५. कर्म मध्यें आलें म्हणजे

आतांपर्यंतच्या बहुतेक वाक्यांत कर्ता आपणच कांहीं तरी होत होता. कांहीं जोडक्रियापदांत एक माणूस दुसऱ्यास कांहीं तरी ठरवितो. ‘दे टुक हिम ऑन ॲज ॲन अप्रेंटिस’ म्हणजे त्यांनीं त्याला उमेदवार म्हणून कामावर घेतलें. ‘ही पास्ड हिमसेल्फ ऑफ ॲज अ डॉक्टर’ म्हणजे त्यानें आपण डॉक्टर असल्याची बतावणी केली. ‘दे रोट हिम ऑफ ॲज अ फेल्युअर’ म्हणजे ‘याच्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं’ असें त्यांनीं ठरवून टाकलें.

येथें शब्दांचा क्रम सांभाळावा. ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ अशीं सर्वनामें क्रियापद आणि चिमुकला शब्द यांच्या मध्येंच बसतात. ‘टुक ऑन हिम’ असें लिहूं नये. ‘ॲज’ आणि पूरक हीं मात्र नेहमीं शेवटीं येतात.

यांपैकीं ‘राइट ऑफ’ हें जोडक्रियापद हिशेबाच्या वहींतून आलें आहे. वसूल होण्याची आशा नसलेली रक्कम व्यापारी बुडीत खात्यांत टाकतो, ती ही क्रिया. रकमेविषयीं हें शहाणपणाचें असेल. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचें नांव बुडीत खात्यांत टाकण्याचा अधिकार शिक्षकास नाहीं, आईबापांसही नाहीं. केरी यांच्या उमेदवारीच्या दिवसांत कोणीं असा हिशेब मांडला असता, तर तो चुकला असता.

६. ‘ॲज’ आणि ‘लाइक’

नोकरीच्या अर्जांत नेहमीं दिसणारा एक दोष येथेंच सांगतों. ‘आय वर्क्ड लाइक अ क्लार्क’ असें उमेदवार लिहितो. त्याच्या मनांत असतें, ‘मीं कारकून म्हणून काम केलें’. वाक्य सांगतें, ‘मीं कारकुनासारखें काम केलें.’ म्हणजे तो कारकून नव्हताच, असा त्याचा अर्थ होतो. मराठींत ‘म्हणून’ आलें तर इंग्रजींत ‘ॲज’ आणि ‘सारखा’ आलें तर ‘लाइक’, एवढें सूत्र लक्षांत ठेवावें. घरांतील मोठी बहीण धाकट्यांना आईसारखें सांभाळते. ती आई म्हणून सांभाळीत नाहीं.

७. पालकांस दोन शब्द

भाषेचा हा पाठ मुलांसाठीं असला तरी त्याचा शेवटचा भाग घरांत बोलल्या जाणाऱ्या वाक्यांविषयीं आहे. ‘एवढा शिकविला आणि शेवटीं फिटर होऊन बसला’ असें वाक्य आपल्या कानांवर येतें. मुलगा तेंच इंग्रजींत उतरवितो, ‘ही एण्डेड अप ॲज अ फिटर.’ भाषांतर बिनचूक आहे. दोष मूळ वाक्यांत आहे. त्या तरुणानें काम मनापासून शिकून घेतलें असेल, त्याच्या हातांतील यंत्र नीट चालत असेल, घर त्याच्या मिळकतीवर उभें असेल, तर ‘होऊन बसला’ हा शब्द त्याच्यावर अन्याय करतो. ‘ही ट्रेन्ड ॲज अ फिटर अँड टर्न्ड आउट टु बी अ गुड वन’ असें म्हणावें. म्हणजे तो फिटरचें काम शिकला आणि कसबी निघाला.

उलट मोठ्या पगाराचा अधिकारी लांच घेऊन तुरुंगांत गेला तर त्याच्याविषयीं ‘वेंट ऑन टु बी ॲन ऑफिसर’ एवढेंच लिहून थांबतां येत नाहीं. ‘एण्डेड अप इन जेल’ हेंही लिहावें लागतें. हुद्दा लहान कीं मोठा यावरून क्रियापद निवडावयाचें नसतें. माणूस त्या हुद्द्यावर कसा वागला यावरून निवडावयाचें असतें. इंग्रजी भाषेनें ही निवड आपल्या हातीं दिली आहे आणि मराठीनेंही ‘निघाला’, ‘ठरला’, ‘निपजला’, ‘होऊन बसला’ असे शब्द देऊन ती दिलीच आहे. वजन पाहून शब्द वापरणें हें व्याकरणाचें काम आहे, आणि तितकेंच तें न्यायाचेंही आहे.

अभ्यास

पुढील वाक्यांचें इंग्रजींत भाषांतर करा आणि प्रत्येक ठिकाणीं कोणता सांधा घेतला तें लिहा.

१. आम्हीं त्याला आळशी समजलों होतों, पण तो मोठा कष्टाळू निघाला.
२. ती परिचारिका म्हणून लागली आणि पुढें त्याच रुग्णालयाची मुख्य परिचारिका झाली.
३. कर्णधार आजारी पडल्यामुळें धाकटा खेळाडू कर्णधार म्हणून उभा राहिला.
४. पेत्र आरंभीं मासे धरणारा होता.
५. ओढ्याची नदी झाली आणि नदीची खाडी झाली.
६. त्यांनीं मला शिकाऊ कामगार म्हणून घेतलें, आणि मी तेथेंच कारागीर म्हणून राहिलों.
७. चुकीच्या गाडींत बसल्यामुळें आम्ही बोरिवलीऐवजीं विरारला जाऊन पोंचलों.

सातव्या वाक्यांत हुद्दा नाहीं, स्थळ आहे. तरी तेथेंही एक जोडक्रियापद चपखल बसतें. तें कोणतें, हें विद्यार्थ्यांनीं आपलें आपण शोधावें.